निळ्या थेंबाखालच्या पेशी

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीच शिकले. कुणी वाचलंच तर माफ करावं.

"तोंड उघड. अजून मोठं. काय गं हा मशेरीचा वास!" मॅडम म्हणाल्या. शिकवणीची पोरं हसली.

मॅडम आपल्या महाराष्ट्रातल्याच. सुरतेत शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी त्यांच्याकडे धुणीभांडी करायचे. त्यांनी दातकोरणीने माझा गाल आतून खरवडला, काचेच्या पट्टीवर लावला, वर निळा थेंब टाकला. मग साबणाने हात धुतले. आधी स्वतःचा गाल खरवडला होता, एका मुलीचाही. तेव्हा नव्हते धुतले.

मग शिकवू लागल्या. कांदा, बेडूक, माणूस, सगळे पेशींचे. पेशीत डीएनए, त्याची चारच अक्षरं. त्याच चार अक्षरांत कांदा लिहिलेला, त्यांतच माणूस. मी दाराशी उभी राहून ऐकत होते.

"बघतेस काय? टेबल पूस."

रोजच्या सवयीने मी पट्ट्या उचलल्या, टेबल पुसलं, परत ठेवल्या. मॅडम ओरडल्या, "अगं बावळट, खाली कागदावर नावं होती! आता कुठली कोणाची?"

त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. एक पट्टी पाहिली, दुसरी, तिसरी. पुन्हा पहिली.

"नाही कळत. सगळ्या सारख्याच."

"मी बघू?" सहा वर्षांत त्या घरात मी "हो मॅडम" याशिवाय काही बोलले नव्हते. जिचा गाल खरवडला होता ती मुलगी मायक्रोस्कोपपाशीच उभी होती, ती बाजूला सरकली. निळे तुकडे, प्रत्येकात एक गडद दाणा. माझे की मॅडमचे, मलाही कळेना.

नंतर चहा झाला. सगळ्यांना कपात. मला संडासाच्या खिडकीतल्या पेल्यात, नेहमीसारखा.

"माले नको," घरची बोली तोंडातून निघाली. "कपात द्या."

"लगेच शहाणी झालीस? प्यायचा तर पी."

चहा तसाच ठेवून मी नवागामला आमच्या खोलीवर आले. नवरा पांडेसऱ्याला मिलमध्ये पाळीवर. शेजारीण म्हणाली, "चहासाठी काम घालवशील, येडी." त्यानंतर कुणाला सांगितलं नाही. दार लावून एकटीच बसले. संध्याकाळी फोन आला, उद्यापासून येऊ नको.

आता नव्या घरी गेले की भांड्यांना हात लावायच्या आधी विचारते, चहा कशात देणार? तीन घरांनी दार लावून घेतलं. उद्या चौथ्या घरी जाणार आहे. तिथंही आधी हेच विचारणार.