सोनूबाईचा वर्षावास

सोनूबाईने आयुष्यात थापा मोजक्याच मारल्या. पण त्यातली एक अशी अंगाशी आली की ऐन पावसाळ्यात तिला स्वतःच्याच गावच्या, सापगावच्या फाट्यापर्यंतसुद्धा मोकळेपणी जाता येईना.

त्याचं असं झालं. सोनूबाईची एकुलती एक लेक दीप्ती इगतपुरीला दवाखान्यात नर्स आहे आणि जावई रत्नदीप रेल्वेत; त्यांना मैत्री नावाची छोटी मुलगी. घाटाच्या माथ्यावरचं ते लहानसं गाव. उन्हाळ्यात पंखा लागत नाही आणि पावसाळ्यात धुक्यामुळे समोरचं घर दिसत नाही. दीप्तीच्या शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या तसा तिने आईला फोन लावला. "आई, बाबांना घेऊन कायमची इकडे ये. मालक ओळखीतले हायेत, थोडं थांबतील. पण विचार करून लवकर सांग."

सोनूबाईचा नवरा जयराम समोर जेवत बसला होता. त्याने तोंडातला घास गिळायच्या आधीच हो म्हणून मान हलवली. त्याचा विचार तिथल्या तिथे झाला होता. सोनूबाईचं मात्र तसं नव्हतं. नाही म्हणावं तर लेकीचं मन मोडतं, हो म्हणावं तर घर सुटतं. तिने दारातून बाहेर पाहिलं, बाहेर आभाळ भरलं होतं, आणि तिला एकदम सुचलं.

"आता आषाढ पुनव आली गो. वर्षावासात मुक्काम हलवीत नाय. आश्विन पुनव होऊं दे, मंग बघू."

वर्षावास म्हणजे पावसाचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं, गावोगाव हिंडायचं नाही. हा नियम चीवर घातलेल्या भिक्खूंसाठी. चार कोंबड्या आणि भेंडीचा एक वाफा सांभाळणाऱ्या सोनूबाईला तो लागत नाही, हे जयरामला ठाऊक होतं. सोनूबाईला तर त्याहून पक्कं ठाऊक होतं, कारण त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचून दाखवायचं काम गेली अकरा वर्षं तीच करत होती.

या वाचनाचीही एक गोष्ट आहे. सोनूबाईचं माहेर मुरबाडकडचं, धसईचं. चौथीनंतर शाळा सुटली आणि शिकलेलं सगळं भाताच्या खाचरात बुडालं. पूर्वी विहारात धाऊबाबा वाचायचे. त्यांची नजर गेली तेव्हा वाचणारी पोरं होती, पण ती कुणी रोज यायची नाहीत. एका संध्याकाळी धाऊबाबांनी समोर बसलेल्या सोनूबाईच्या मांडीवर ग्रंथ ठेवला आणि म्हणाले, "तू रोज येतेस ना, मंग तूच वाच." पहिलं पान वाचायला तिला पाऊण तास लागला. बायका घाम पुसत बसल्या, पण एकही उठली नाही. त्या रात्री घरी येऊन सोनूबाई आनंदाने रडली होती. पुढे तिचा आवाज असा तयार झाला की भोंगा नसला तरी शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाई. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर तिने दुसऱ्या कुणाच्या हातात ग्रंथ जाऊ दिला नाही. घसा बसला तरी आल्याचा तुकडा दाढेखाली धरून ती वाचायची.

तर लेकीला मारलेली ही थाप तिने शेजारच्या गिरजाबाईला हसत हसत सांगितली. तिथेच चुकलं. गिरजाबाई हसलीच नाही. सत्तरीच्या गिरजाबाईने हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी वस्तीभर झालं की सोनूबाईने यंदा स्वतः वर्षावास धरलाय.

बायकांना त्याचं केवढं कौतुक. कुणी भाकरी-भाजी आणून देऊ लागली, कुणी येऊन पाया पडू लागली. सोनूबाई "अगो, तसं काय नाय" म्हणायची तर बायका म्हणायच्या, बघा, मोठेपणा पण नाय. एकदा ती शहापूरच्या बाजाराला निघाली. फाट्यावर गिरजाबाई उभी.

"सोनू, कुठं निघालीस?"

"बाजारात. मिरची संपली."

"मी आणते. तू वर्षावासात हायेस."

मिरची गिरजाबाईने आणली, तीही तिखटजाळ. धसईला भाचीच्या लग्नाची सुपारी फुटली, त्याला सोनूबाईला जाता आलं नाही. दाढ दुखायला लागली तर संजीवनीने लवंगा आणून दिल्या. बाकी ही संजीवनी गुणाची. पस्तिशीची, सकाळी शेतात आणि दुपारी शिलाईमशीनवर. विहारात सोनूबाईच्या उजव्या हाताला बसायची आणि ओठ हलवत मनातल्या मनात वाचायची. जयराम मात्र हे सगळं पाहून मिशीतल्या मिशीत हसायचा. "काय भिक्खुणीबाई, आज चहा मिळंल का?" असं विचारायचा, आणि सोनूबाई त्याच्यापुढे कप आदळायची.

वर वर ही गंमत चालली होती, पण आत सोनूबाईचा जीव टांगणीला लागला होता. आश्विन पुनव काही पळून जाणार नव्हती. इगतपुरीला आपण कोण? दीप्तीची आई, मैत्रीची आजी, एवढंच. इथे संध्याकाळी पाच मिनिटं उशीर झाला तर चार बाया विचारायला येतात. तिथे कोण येणार? आणि आपण गेल्यावर इथे ग्रंथ कोण वाचणार? हे शेवटचं कारण तिला सगळ्यात बळकट वाटायचं.

भादव्यात दीप्तीचा फोन आला. घराच्या पायरीवर पाय घसरून ती पडली होती आणि उजवं मनगट प्लास्टरात होतं. घरात पाच वर्षांची मैत्री, आणि रत्नदीपची ड्युटी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. "आई, तू वर्षावास धरलायस असं ऐकलं. मग राहू दे," दीप्ती म्हणाली, आणि ते तिने खरंच मनापासून म्हटलं होतं. म्हणजे वस्तीत फुगलेली थाप घाट चढून वरपर्यंत पोचली होती. सोनूबाईला स्वतःची लाज वाटली.

त्या रविवारी शहापूरहून भंते आले होते. सोनूबाईने सगळ्या बायकांसमोर त्यांना काय झालं ते सरळ सांगून टाकलं, थापेसकट. गिरजाबाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भंते जरा हसले. म्हणाले, "ताई, तुम्हाला नियमच नाही. पण समजा असता, तरी आजारी माणसासाठी भिक्खूलासुद्धा सात दिवस बाहेर जाता येतं. आठव्या दिवसाच्या आत परत यायचं."

मग गिरजाबाईनेच सोनूबाईची पिशवी भरली. "सात दिवस म्हंजे सात दिवस," एवढं बजावून ती फाट्यापर्यंत पोचवायला आली. थाप उघडी पडली होती, पण बाई आपला पहारा सोडायला तयार नव्हती. ग्रंथ सोनूबाईने कपड्यात गुंडाळून संजीवनीच्या हातात दिला. "वाचू नको म्हणत नाय, पण पानं सांभाळ," असं काहीतरी अर्धवट बोलून ती जयरामबरोबर निघाली. कसाऱ्याहून जीपने घाट चढेपर्यंत तिच्या मनात तेच चालू होतं, की जोडाक्षर आलं की संजीवनी अडखळणार आणि बायका उठून जाणार.

इगतपुरीत तिने पोळ्या लाटल्या, दीप्तीची वेणी घातली, मैत्रीला शाळेत सोडलं आणि न वाळणाऱ्या कपड्यांशी भांडण केलं. गाव तिला वाईट वाटलं नाही आणि आपलंही वाटलं नाही. पण तिसऱ्या दिवशी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. सकाळी दूधवाल्याने दारातून हाक मारली ती "जयरामकाका" अशी. तिसऱ्याच दिवशी. संध्याकाळी शेजारचा रिटायर गार्ड कॅरमला बोलवायला आला, तोही "जयरामभाऊ, चला" म्हणत. समोरच्या बाईचा मिक्सर जयरामने उघडून दुरुस्त केला, आणि मग पुढच्या गल्लीतून एक इस्त्री आली. जयराम मांडी घालून ओट्यावर बसला होता, भोवती स्क्रू पसरले होते आणि तो मोठ्याने बोलत होता. हा माणूस मोठ्याने बोलतो, हे सोनूबाईला अडतीस वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं.

जयराम चौतीस वर्षं ठाण्याच्या एका कारखान्यात होता. पहाटे आसनगावला पहिली गाडी, परतायला रात्रीचे नऊ. रविवारी झोप. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला तेव्हा गावात त्याच्या वयाचे जे होते त्यांचे कट्टे कधीचे ठरून गेले होते. तो जाऊन बसायचा, पण बोलणं चालायचं ते त्याला ठाऊक नसलेल्या बांधांचं आणि माणसांचं. मग तो घरी येऊन कोंबड्यांकडे पाहत बसायचा. सोनूबाईला वाटायचं, शांत स्वभावाचा आहे.

सातव्या दिवशी दोघं परतली. रत्नदीपची दिवसपाळी लागली होती आणि त्याची आई चार दिवस यायची होती. सापगावला पोचेपर्यंत विहारात दिवा लागला होता. सोनूबाई पिशवी घरी न ठेवताच तिकडे गेली. आत संजीवनी वाचत होती. अडखळत होती, "प्रतीत्यसमुत्पाद" हा जड शब्द तिने तीन हप्त्यांत ओढून नेला, पण बायका नेहमीएवढ्याच होत्या. उलट दोन जास्त. गिरजाबाईने सोनूबाईला पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवून बसायची खूण केली. सोनूबाई मागे भिंतीला टेकून बसली. अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच नुसतं ऐकत होती. आधी तिला खूप वाईट वाटलं, आणि ते तिने स्वतःपासून लपवलं नाही. मग हळूहळू गोष्टीत मन लागलं. वाचताना पुढच्या ओळीची काळजी असते, त्यामुळे हा भाग इतका चांगला आहे हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

संजीवनीने दुसऱ्या दिवशी ग्रंथ परत आणून दिला. सोनूबाई म्हणाली, "येक दिवस तू, येक दिवस मी." पुनवेपर्यंत तसंच चाललं. इगतपुरीचे मालक पुनवेपर्यंत थांबायला तयार होते, पण काय ठरवलं ते ती अजून कुणाला सांगत नव्हती. जयरामनेही विचारलं नाही. त्याने फक्त रेडिओ उघडून पुन्हा जोडला, जो बिघडलेला नव्हता.

आश्विन पुनवेला समारोप झाला. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, बाहेर मंडपात खीर. जयराम स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून पुरुषांच्या पंगतीत टोकाला बसला होता. खीर वाढायला पूजा होती. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन वस्तीत आलेली, मोठी लाघवी पोर. तिने जयरामच्या द्रोणात आग्रहाने दुसरी पळी घातली आणि अदबीने विचारलं, "बाबा, घ्या अजून. तुमी कुणाकडं पाव्हणं आलाव?"

जयराम नुसता हसला आणि द्रोणाकडे पाहत राहिला, एखादी जुनी सवय असावी तसा. पलीकडे बायकांत बसलेल्या सोनूबाईने ते ऐकलं. तिने हातातला द्रोण खाली ठेवला.

"पूजा," ती तिथूनच म्हणाली, "ते माझ्याकडं आलेत."

पूजा ओशाळली आणि सगळे हसले, जयरामसुद्धा. पंगत पुढे चालू झाली.

दोघं घरी आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. जयराम सदरा काढून खुंटीला लावत होता. सोनूबाई उंबऱ्यातच बसली.

"दीप्तीला फोन लावा. मालकांना सांग म्हणावं, खोल्या दुसऱ्या कुणाला देऊ नका."

जयराम तसाच वळला. "आणि तुझं वाचन गो?"

"संजीवनीचं प्रतीत्य काय ते आता दोन हप्त्यांत व्हतंय. व्हईल एकात."

"तिथं तुला कोण वळखतं?"

"कोन नाय." तिचे डोळे भरले होते आणि तिने ते पुसलेही नाहीत. "तुमी चौतीस वर्सं हितं नुसतं झोपायला आलाव. मी येकदा पन इचारलं नाय, की तुमाला हितं कसं वाटतंय. आता मी ऱ्हाते की पाव्हणी. चौतीस वर्सं काय माझ्या हातात नायत, पन हायेत तितकी ऱ्हाते."

जयराम तिच्या शेजारी उंबऱ्यावर येऊन बसला. जागा दोघांना पुरेशी नव्हती, म्हणून ती थोडी सरकली. मग त्याने फोन लावला, आणि दीप्तीशी तो इतक्या मोठ्याने बोलू लागला की पलीकडच्या घरातून गिरजाबाई डोकावून पाहू लागली.