साडेसहा फुटी गॅरेज

आमच्या घराला लागून साडेसहा फुटांचा बोळ आहे. मालकी आमची, पण पलीकडे थेट शेजारच्या वहिनींची भिंत, आणि त्या भिंतीत त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी. तिच्या बरोबर समोर आमच्या स्वयंपाकघराची. निवृत्त झाल्यावर मी गाडी घेतली आणि या बोळावर पत्रा टाकून गॅरेज करायचं ठरवलं. गाडी रस्त्यावर लावली की बॉनेटवर मांजरं झोपायची, आणि एकदा तर कुणीतरी टपावर शेंगा वाळत घातल्या होत्या. माझं डोकंच फिरलं.

अडचण एकच होती, फळी. जुन्या खाटेची ती फळी दोन्ही खिडक्यांच्या चौकटींवर टेकवून बायको आणि वहिनी वाट्यांची देवाणघेवाण करायच्या. त्यासाठी दोघींनी आपापल्या खिडकीचा एकेक गज कधीच काढून टाकला होता. वाटी लाटण्यानं पलीकडे सरकवायची, आणि आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हा नियम. त्यामुळे पंचवीसेक वर्षं ते प्रकरण काही मिटलेलं नव्हतं. वहिनी एकट्याच राहतात. सकाळी त्यांची वाटी आली की हिचा जीव भांड्यात पडायचा.

"चौकातून वळसा घालून जा की," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम."

"दारानं गेलं की मी पावणी होते," ती म्हणाली. "साडी बदला, च्या घ्या, बसा. खिडकीतनं तसं न्हाय."

मला हे पटलं नाही. मला त्या दिवसांत काहीच पटत नव्हतं.

गवंड्यानं बोळात टेप धरली, मग गाडीला धरली, आणि तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "सायेब, गाडी आत जाईल की. पर तुमी भायेर कसं येणार?"

मी आयुष्यभर कालव्यांची मापं काढलेला माणूस. हा मला माप शिकवणार! "ते माझं मी बघतो," मी म्हणालो. त्यानं वाद घातला नाही, कामाला लागला. काम तीन आठवडे चाललं आणि तीन आठवडे बायको माझ्याशी कामापुरतंच बोलली. फळी माळ्यावर गेली. वहिनींची एक वाटी नेमकी आमच्याकडे राहिली होती. ती तिनं घासून, पुसून, मी जेवायला बसतो त्याच्या समोरच्या फडताळात ठेवली.

मुहूर्ताला गल्लीतले दहा-बाराजण जमले. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी आरसे मिटून गाडी सरळ आत घातली, एक ओरखडा नाही. बाहेर टाळ्या पडल्या. मी दार उघडलं. ते चार बोटं उघडलं आणि वहिनींच्या भिंतीला टेकलं. पलीकडचं आमच्या भिंतीला. मागं घ्यावी तर फाटकात गवंडी उभा. मी इंजिन बंद केलं आणि काही विचार करतोय असा चेहरा करून बसून राहिलो.

तेवढ्यात डावीकडची खिडकी उघडली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आत गेली, आणि ती वाटी घेऊन आली. काठोकाठ वांग्याची भाजी.

"एवढं पलीकडं द्या."

तीन आठवड्यांतलं पहिलं धड वाक्य. मी काच खाली घेतली, वाटी घेतली, आणि उजव्या काचेतून वहिनींच्या खिडकीत दिली.

"थांबा भावजी, हलू नगा," वहिनी म्हणाल्या. हलणार कुठे होतो! त्यांनी दुसऱ्या वाटीत खर्डा दिला, तो मी डावीकडे पोचवला. मग मागच्या सीटवरून सरपटत डिकीशी आलो. डिकी गवंड्यानंच उघडली. काही बोलला नाही, फक्त हात दिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर तोच रिवाज पडला. रोज संध्याकाळी गाडी आत घालायची, दोन्ही काचा खाली करायच्या, वाट्या इकडच्या तिकडे द्यायच्या आणि डिकीतून घरी यायचं. बायको बोलू लागली होती, पण "सांडू नका" एवढंच.

मग ती चार दिवस बहिणीकडे जयसिंगपूरला गेली. पहिल्याच संध्याकाळी मी गाडी लावली, तर वहिनींची खिडकी उघडी. त्यांनी वाटीत मुगाची आमटी दिली.

"ती घरात नाही," मी म्हणालो.

"म्हायत हाय की. तुमच्यासाठीच हाय."

घरी येऊन मी ती भाताबरोबर खाल्ली. ती चव ओळखीची होती. इतकी वर्षं मी ती बायकोची समजून कौतुक करत आलो होतो, कधीकधी नावंही ठेवत आलो होतो. मला लाज वाटली. आणि आता वाटी रिकामी परत करायची नव्हती.

सकाळी मी पिठलं केलं. जन्मातलं पहिलं. गुठळ्या झाल्या, खालून लागलं, पण झालं. वाटी भरली आणि खिडकी उघडली, तर समोर माझ्याच गाडीचा टप. त्याच्या वर वहिनींच्या खिडकीची जेमतेम कड दिसत होती. दारानं नेली असती तर मी पाहुणा झालो असतो.

डिकीतून आत शिरलो, गाडी बाहेर काढून रस्त्यावर लावली, माळ्यावरून फळी काढून पुसली आणि दोन्ही चौकटींवर टेकवली. लाटण्यानं वाटी हळूहळू पलीकडे सरकवली. वहिनींनी ती उचलली आणि त्या आत गेल्या. मी परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा खिडकीत उभा राहिलो.

थोड्या वेळानं वाटी परत आली. भरलेली होती, नियमाप्रमाणे. तिच्यात मीठ होतं.

मीठ हातात दिलं की भांडण होतं म्हणतात. फळीवरून आलेल्या मिठाला ते लागू नसावं. बायको येऊन आता दोन महिने झाले, आणि गाडी रस्त्यावरच आहे.