तानीचा पत्ता

साताऱ्याहून सकाळी सहाच्या एसटीने निघाले, तेव्हा पर्समध्ये दोन कागद होते. कागद अमेरिकेतून आलेले. तिथल्या एका ग्रंथालयात काम करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीने शोधून धाडले होते. वाचल्यापासून वाटत होतं, नसतेच सापडले तर बरं झालं असतं.

झालं असं की गेल्या हिवाळ्यात निपाणीच्या एका वाचनालयात माझं व्याख्यान होतं. विषय शे-सव्वाशे वर्षांपूर्वीची अमेरिका. आपल्या देशात दारूचे गुत्ते बंद करा, मुलांना गिरण्यांतून सोडवा म्हणणारी, आणि त्याच वेळी समुद्रापलीकडे क्युबा, फिलिपाइन्सवर हात मारणारी. तीस वर्षं कॉलेजात हेच शिकवलेलं, त्यामुळे माझी गाडी सुसाट! शेवटी एक सत्तरीचे गृहस्थ उभे राहिले.

"बाई, आमची बी एक पोरगी नेली तुमच्या अमेरिकेनं."

लोक हसले. मीही हसले, मेली माझी अक्कल! ते हसले नाहीत.

ते बेळगावजवळच्या कंग्राळी गावचे परशराम. त्यांच्या आजोबांची बहीण तानी, वय आठ. दुष्काळ आणि प्लेग एकदम आले, तेव्हा बापाने तिला बेळगावातल्या अमेरिकन मिशनच्या बोर्डिंगात ठेवली. तिकडून जहाजाने आलेला मका तिथे शिजत होता. सुगी झाली की न्यायला येतो, असं सांगून तो गेला. पोर काही घरी आली नाही. मिशनच्या मडमेनं बोटीत घालून अमेरिकेला नेली, असं घरात सगळे सांगत आले. परशरामांच्या थोरल्या बहिणीला, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आक्कांना, डोळे मिटायच्या आत तानीचा पत्ता हवा होता. मी "शोधते" म्हणून बसले. नको तिथे पुढेपुढे करायची खोड, दुसरं काय!

निपाणीत बस बदलायला उतरले तर तंबाखूच्या वासाने शिंकांवर शिंका. पाट्या कानडीत, आणि विचारायचं सोडून मी शहाणपणाने एका बसमध्ये जाऊन बसले. शेजारची भाजीवाली म्हणाली, "कुठं निघालाय?"

"बेळगावला."

"अगं बाई! ही चिक्कोडीला जातीया. उतरा, उतरा लवकर!"

पिशवी सावरत उतरले. खरं सांगते, क्षणभर वाटलं होतं, जाऊ दे चिक्कोडीला, तेवढीच वेळ टळेल.

बेळगावच्या बसमध्ये खिडकी मिळाली. दोन्हीकडे ऊस, मग उघडे माळ, आणि बेळगाव जवळ येता येता तांबडी माती. एरवी मी असल्या प्रवासात बडबडून शेजाऱ्याचं डोकं उठवते. त्या दिवशी ते दोन कागदच पुन्हा पुन्हा उघडून वाचत होते.

कंग्राळीत परशरामांच्या सोप्यात (घराच्या पुढच्या भागात) आक्का वाटच बघत होत्या. बारीक चणीच्या, हिरव्या लुगड्यातल्या. आधी जेवायला बसवलं. भाकरी, झुणका, शेंगांची चटणी. पुढे बेळगावची मिठाई, कुंदा ठेवला, खास माझ्यासाठी आणलेला.

"तिची नातवंडं असत्याल न्हवं तिकडं?" आक्कांनी विचारलं. "गोरी असत्याल, का आपल्यागत?"

मी कागद काढले. मिशनच्या जुन्या छापील अहवालाची ती दोन पानं मराठीत सांगायला लागले. बोर्डिंगात परशरामांच्या जातीची एक बाई वेगळी चूल मांडायची. तिच्याच हातचं खायचं, असं बापाने तानीला बजावलं होतं. ती बाई प्लेगात गेली. मग भुकेली पोर मडमेच्या पंगतीला बसली. सुगी झाल्यावर बाप खरंच आला. फाटकाबाहेर उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही. एवढंच विचारलं, कुणाच्या हातचं जेवतेस? तानीने खरं ते सांगितलं. त्या काळी एवढ्यावर पोर बाटायची आणि घर वाळीत पडायचं. बाप तसाच माघारी गेला. पुढे कितीतरी दिवस तानी फाटकाशी उभी असायची. थंडीत तापाने गेली. तिथल्याच कब्रस्तानात पुरली. आणि खाली मडमेने अमेरिकेतल्या दात्यांना आवाहन केलं होतं, असे आणखी जीव वाचवायचेत, हात सैल सोडा.

परशराम उठून दाराशी गेले. "आज्जा असं कधी बोललाच न्हाय," एवढंच म्हणाले.

आक्का कितीतरी वेळ त्या इंग्रजी कागदावरून हात फिरवत राहिल्या. मग एकदम मोठ्याने रडल्या. "खोटं बोलायचं व्हतंस की गं तानू पोरी! एकदा खोटं बोलायचं व्हतंस!"

मलाही आवरलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "परशा, रिक्षा बोलाव. आत्ताच जायचं."

शहरातलं ते जुनं ख्रिस्ती कब्रस्तान झाडीत बुडालेलं आहे. राखणदाराने एक कोपरा दाखवला. "लहान पोरांना दगड नसायचे, आज्जी. ही सगळी तीच." नुसतं गवत. आक्का माझा हात धरून चालत गेल्या आणि मटकन खाली बसल्या. मागे वळून बघते तर परशराम फाटकाबाहेरच. त्यांच्या घरातलं असल्या जागी कुणी जात नाही म्हणून असेल, किंवा नुसतेच पाय अडले असतील.

आक्कांनी पाहिलं. "परशा!" हाक अशी की राखणदारही दचकला. "तू बी भाईरच थांबनार व्हय रं?"

परशरामांनी चपला काढल्या. आत आले, बहिणीशेजारी गवतात बसले. आक्का जमिनीवर थोपटत म्हणाल्या, "तानू, न्यायला आलोय गं. उशीर झाला."

मला तिथे उभं राहवेना.

संध्याकाळच्या बसने परतले. मडमेचा राग येत होता. पोर गेली आणि बाई झोळी पुढे करते! बापाचाही येत होता, पण मागे घरात आणखी पोरं होती त्याची. कुणा एकावर तरी तो राग नीट बसेल तर शपथ. या घराने चार पिढ्या समुद्रापलीकडे बघत काढल्या. आणि येताना मी रिक्षावाल्याला सहज विचारलं होतं, कब्रस्तान ते कंग्राळी चालत किती वेळ लागतो? तो म्हणाला, "लई तर तासभर."