इंदूचं आभाळ

तुमच्या ट्रंकेच्या तळाशी अर्धवट टाकलेली भरतकामं किती आहेत, खरं सांगाल का? माझ्याकडे तीन आहेत. पुऱ्या झालेल्या कामाला चौकट मिळते, ते भिंतीवर जातं आणि विषय संपतो. अर्धवट कामाभोवती मात्र गोष्टी साठत जातात. आमच्या शहापुरात काशीआक्कांच्या घराच्या पुढच्या सोप्यावर साठल्या, तेवढ्या कुठं साठल्या नसतील!

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. काशीआक्का म्हणजे हेडमास्तरांच्या पत्नी. दुपारची कामं आवरली की मालती आणि इंदू धरून आम्ही चौघीजणी दोसुतीची कापडं घेऊन त्यांच्याकडे जमायचो. जाड विणीचं कापड, त्यावर घरं मोजून फुलीचा टाका घालायचा. आक्कांचा नियम एकच : वीस फुल्या झाल्याशिवाय चहा नाही. एकदा सगळ्या गप्पांत रमल्या आणि कुणाच्याच वीस होईनात. आक्का उठल्या, एक कप चहा करून आणला आणि आमच्यासमोर बसून शांतपणे एकट्याच प्यायल्या. नंतर आम्ही मोजल्या. त्यांच्या स्वतःच्या बाराच झाल्या होत्या!

* * *

मालती पेरूवर बसलेला पोपट भरत होती. तिचा भाऊ खादी वापरायला लागला आणि त्यानं विलायती हिरव्या दोऱ्याची लडी घराबाहेर काढायला लावली. मालतीनं उरलेला पोपट शहापुरातच रंगवलेल्या सुतानं भरला. पहिल्याच धुण्यात त्या सुताचा रंग उतरला आणि खालच्या कोऱ्या पेरूला लागला. भावाचं तोंड एवढंसं झालं. मालती म्हणाली, "असू दे अण्णा. पेरू भरायचा मला कंटाळाच आलता. आपसूक भरला."

* * *

इंदूचं काम सगळ्यांत मोठं. वारभर रुंद चित्र : तळं, हंसांची जोडी, लाल कौलांचं घर आणि वर आभाळ. तिचं लग्न निपाणीत ठरलं, तेव्हा तिच्या आईनं उत्साहाच्या भरात विहीणबाईंना सांगून टाकलं, की रुखवतात पोरीनं भरलेलं चित्र मांडणार. विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "मी मागची बाजू बघते." गाठी आणि लोंबते दोरे सगळे मागेच असतात, हे मायलेकींना ठाऊक होतं.

तळं झालं, हंस झाले, घर झालं, आभाळ लागलं आणि इंदूचा हात थांबला. नुसता निळा! ना चोच, ना खिडकी. ती रोज यायची, सुईत दोरा ओवायची आणि आमचे गुंते सोडवत बसायची. मी एकदा रागावले, तर म्हणाली, "हंस भरताना वाटायचं, पुढं कसं दिसंल. आता पुढं काय हाय ते दिसतंयच की गं."

शेजारची विठाबाई मागावर लुगडी विणायची. ती जाता जाता डोकावली.

"इंदे, तू आभाळ धरलंस तवा मी एक निळं लुगडं विणलं. ते विकलं, नेसणारीनं नेसून फाडलं बी. तुझं आभाळ अजून कोरंच व्हय गं?"

इंदू आमच्याबरोबर हसली. घरी जाऊन रडली, हे तिच्या आईकडून कळलं.

* * *

लग्नाला पंधरा दिवस उरले, तेव्हा आक्कांनी आभाळाचे चार भाग केले. चौघी चार कडांना, गुडघ्याला गुडघा लावून बसलो. सहा दिवसांत आभाळ भरलं! कौतुकानं अंगणात उन्हात धरलं, तर आभाळाचे चार तुकडे वेगवेगळे चमकत होते. फुलीतला वरचा टाका कुणी डावीकडे झुकवला होता, कुणी उजवीकडे. हे आधी विचारून घ्यावं, असं एकीलाही सुचलं नव्हतं.

आक्का म्हणाल्या, "भावाभावांनी वाटून घेतलेल्या शेतागत दिसतंय."

इंदूनं कात्री मागितली आणि दोन दिवस बसून सगळं आभाळ उसवलं. त्या आभाळात तिनं मन लावून केलेलं ते पहिलं काम!

* * *

रुखवताच्या दिवशी तिच्या आईनं कोऱ्या आभाळापुढं लाडवांचं उंच ताट ठेवलं. विहीणबाई आल्या, ताट सरकवलं, चित्र उलटं केलं आणि मागून बोट फिरवलं. उसवलेल्या जागी निळी लव राहिली होती.

"हे कुणी उसवलं?"

"मीच," इंदू म्हणाली.

"का?"

"माझ्या एकटीच्या हातचं नव्हतं."

"मग एकटीनं का न्हाय भरलंस?"

इंदूच्या आईनं डोळे मिटून घेतले.

"कंटाळा आला," इंदू म्हणाली.

विहीणबाईंनी चित्राची नीट घडी घातली, काखेत धरली आणि मांडवातून निघून गेल्या. रुखवतात लाडू तेवढे उरले.

पाठराखीण म्हणून इंदूबरोबर मीच निपाणीला गेले. मोटारीत ती तीन वेळा माझ्या कानाशी लागली, "टाकून दिलं असंल का गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर सासूबाईंनी आपली ट्रंक उघडली, वरच ठेवलेली इंदूच्या चित्राची घडी बाजूला केली, तळातून पिवळी पडलेली एक दोसुती काढली आणि इंदूच्या मांडीवर ठेवली. दोसुतीवर हरीण होतं. त्याला तीन पाय होते. चौथ्या पायाच्या जागी गंजलेली सुई टोचलेली होती.