हैबतरावांची अंदमानातली तपासणी

हैबतरावांनी रोहा तालुक्यात एकतीस वर्षं पाठीवर पंप वागवून हिवतापाची फवारणी केली. गोठे, माजघरं, देवळांच्या पडव्या, काही सोडलं नाही. कुणाच्या पिंपात अळ्या दिसल्या की घरच्या बाईला हाक मारून तिच्यासमोरच ते पालथं करायचे, मग ती कितीही बोटं मोडो. निवृत्तीनंतर जिते या आपल्या गावी शेती बघायला लागले, तरी लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी मांडवामागची पिंपं बघून यायचे.

"मला डास चावत नाय," ते छाती फुगवून सांगायचे. "वळखतात मला."

म्हणूनच मुलगा सुजयने अंदमानची सहल ठरवली तेव्हा सुनेची तयारी बघून त्यांना हसू आवरेना. सुरभी पेणला शाळेत शिकवायची. गेल्या वर्षी डेंग्यूनं तिला पंधरा दिवस अंथरुणात ठेवलं होतं, तेव्हापासून कानाशी जरा गुणगुण झाली की ती टुणकन उठायची. तिनं चौघांसाठी पूर्ण बाह्यांचे फिके कपडे, मलमाच्या सहा ट्यूबा आणि दोन मच्छरदाण्या भरल्या.

"बाबा, तिथे हातापायांना मलम लावायचं. कानामागेसुद्धा."

"मी? अगो, मी हिवतापवाला!"

बेटावरचं हॉटेल छान होतं. नारळाच्या बागेत सुट्या सुट्या खोल्या, पलीकडे खाजणातल्यासारखी दलदलीतली झाडी, त्यापुढे निळाशार समुद्र. पहिल्याच संध्याकाळी हैबतराव नुसती बंडी आणि अर्धी चड्डी घालून त्या झाडीजवळ खुर्ची टाकून बसले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा डावा डोळा मिटला होता आणि उजवा कान बटाटेवड्याएवढा झाला होता. बायकोनं, मालूबाईंनी, चावे मोजले. पाठीवरच सत्तावीस गांधी.

"अवो," मलम चोळता चोळता त्या म्हणाल्या, "हितल्या डासांना तुमची नोकरी ठाऊक नाय."

हैबतरावांनी निमूट पूर्ण बाह्यांचा सदरा चढवला, मच्छरदाणीत शिरले आणि कडा गादीखाली नीट खोचून घेतल्या. पण अपमान जिव्हारी लागला होता.

सकाळी चहाच्या आधीच ते बाहेर पडले. एक डोळा अजून अर्धाच उघडत होता, पण तेवढा पुरे होता. शहाळ्यांच्या गाडीमागे फोडलेल्या करवंट्यांचा ढीग, प्रत्येकीत पावसाचं पाणी. एसीच्या नळ्यांखाली ठेवलेल्या बादल्या. झाडांच्या कुंड्यांखालच्या थाळ्या. दिसेल ते पालथं करत ते निघाले. सुरभीच्या पर्समध्ये खडू कायम असायचा, तो त्यांनी तिला विचारून घेतला होता. कशाला हवा ते मात्र सांगितलं नव्हतं. एकेका खोलीभोवतीची जागा तपासून झाली की सवयीप्रमाणे तिच्या दारावर लिहायचे : 'तपासले. अळ्या नाहीत.' खाली तारीख आणि सही.

नाश्त्याच्या वेळी लोक दारं उघडून बाहेर आले. पाच नंबरच्या खोलीतल्या कोलकात्याच्या बाईंना ते शुभचिन्ह वाटलं, त्यांनी अक्षरांना हात लावून नमस्कार केला. दोन परदेशी मुलींनी दारापुढे उभं राहून फोटो काढले.

मॅनेजर मात्र धावतच आला, कारण स्वागतकक्षातलं फुलं तरंगणारं मोठं पितळी घंगाळ हैबतरावांनी नुकतंच बागेत उपडं केलं होतं.

"ये क्या किया आपने? डेकोरेशन था!"

सुजयला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. "बाबा, आपण फिरायला आलोय हो!"

हैबतरावांनी शांतपणे काचेचा पेला पुढे केला. घंगाळातलंच पाणी होतं, त्यात बारीक अळ्या वळवळत वरखाली करत होत्या. "याला बोल गो सुरभी, हे त्याचं डेकोरेशन. आठ दिवसांत ह्यांना पंख फुटतात."

सुरभीनं पेल्यात पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मग ती जी हिंदीतून बोलायला लागली, ती वर्गावर बोलावं तशी. मॅनेजर हात मागे बांधून ऐकत राहिला. कोलकात्याच्या बाईंनी पेला बघून किंकाळी फोडली आणि आपलं न्हाणीघर आत्ताच्या आत्ता तपासा म्हणून हट्ट धरला. मागोमाग सगळेच. दुपारपर्यंत हैबतराव पुढे, सुरभी दुभाषी आणि हॉटेलची चार माणसं करवंट्यांच्या गोणी घेऊन मागे, अशी वरातच निघाली. सुजय एकटा पोहून आला.

संध्याकाळी मालूबाई कुठे दिसेनात. हैबतराव शोधत किनाऱ्यावर गेले. त्या लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, तोंडाला पांढरं मलम थापून, कमरेएवढ्या पाण्यात मजेत बसल्या होत्या.

"झाली ड्युटी?" त्यांनी तिथूनच विचारलं. "दोन दिस झाले येऊन. समुद्राला पाय तरी लावलात का?"

हैबतरावांनी ओशाळून मान खाली घातली. मग मुंडाशासारखा पंचा डोक्याला गुंडाळला, सदरा-पायजम्यासकट पाण्यात उतरले आणि बायकोशेजारी जाऊन बसले. एक लाट अंगावरून गेली. दुसरी नाकातोंडात गेली, तशी मालूबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"खारट हाय गो," हैबतराव थुंकत म्हणाले, आणि तिसऱ्या लाटेसाठी त्यांनी तिचा हात धरला.