खोगीरखोलीतल्या मोरक्या

संभाजीनगरजवळच्या एका लहान कॅम्पात माझी पोस्टिंग होती. बारा घोडे, आठ जवान आणि मी हवालदार. खोगिरं, लगाम, तंग, रिकिबी, सगळं सामान माझ्या ताब्यात. खोगीरखोलीत बोटभर धूळ सापडली तरी मी अख्ख्या तुकडीला फैलावर घ्यायचो. शिस्तीचा मला भारी माज होता, हे आज कबूल करतो.

एका रिवाजाला मात्र कुणी हात लावत नसे. घोड्याला धरून बाहेर काढायची मोरकी त्याच्याच ठाणाच्या दाराशी टांगलेली असायची. प्रत्येकाची वेगळी, त्याच्या तोंडाच्या मापाची.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाला, मी तो रिवाज मोडला. बाराही मोरक्या पॉलिश करून खोगीरखोलीत एका रांगेत लावायला सांगितल्या. साहेबांनी आत आल्याबरोबर वाहवा करावी, एवढाच हिशेब. पाचोडचा नाईक भानुदास घुटमळला.

"साहेब, मोरक्या घोड्यापाशीच असू द्या. येळ सांगून येत नाय."

"ऑर्डर आहे."

"व्हय, साहेब."

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही जेवत होतो. तबेल्याला लागून असलेल्या गवताच्या शेडमधून धूर निघाला. वायर जळाली होती, हे नंतर कळलं. मी वायरलेस उचलला.

"कंट्रोल, तबेल्याला आग. फायर टेंडर पाठवा. ओव्हर."

"रॉजर. वीस मिनिटं लागतील. ओव्हर."

आगीत घोडा आपणहून बाहेर पडत नाही. मोकळा सोडला तर उलट आपल्या ठाणावरच पळतो. त्याला धरूनच न्यावं लागतं. आणि मोरक्या साठ पावलांवर, कुलपात. मी धावलो, कुलूप काढलं, सगळ्या कवेत भरून आणल्या. कुठली कुणाची, कुणालाच कळेना. लहान मोरकी मोठ्या तोंडावर चढेना, मोठी निसटून पडे. आत घोडे किंचाळत होते. देवा, थोडा वेळ दे, एवढंच मी पुटपुटत होतो. शेवटी जवानांनी कमरेचे पट्टे घोड्यांच्या गळ्यात अडकवले आणि ओढायला सुरुवात केली. अकरा निघाले.

मैना घोडी राहिली. भानुदासनं पुन्हा पट्टा हातात घेतला.

"भानुदास, थांब! छत जातंय!"

"आलोच, साहेब. ती मला वळखती."

एक एकतीसला पत्रे खाली आले. फायर टेंडर त्यानंतर चार मिनिटांनी पोचला.

चौकशीत मी सगळं खरं सांगितलं. शिक्षा झाली, ती भोगली. पाचोडला त्याच्या घरी मात्र मी स्वतः गेलो. त्याच्या वडिलांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी विचारलं, "घोडी तरी वाचली का, साहेब?"

"वाचली, काका."

"मंग बरं झालं. पोरगं फुकट नाय गेलं."

मैना भानुदासच्या शेजारीच सापडली होती. अख्ख्या नोकरीत खोटा रिपोर्ट मी तेवढा एकच दिला. आजही बाजारच्या दिवशी पाचोडला गेलो की काका घोडीची खुशाली विचारतात, आणि मी सांगतो, चारा नीट खाते.