एका वेळी एकच

इंग्रजी शब्दांवर इतका संशय घेणारी बाई अख्ख्या पुण्यात दुसरी नसेल. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू खडकीच्या कारखान्यात टायपिस्ट होत्या. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांकडे त्या अजून चोराकडे बघावं तशा बघतात. शनिवार पेठेतल्या आमच्या गल्लीत एक डेअरी आहे. पाटी रंगवताना रंगाऱ्याने दोन इंग्रजी अक्षरांची अदलाबदल केली आणि तिची डायरी झाली. दुसरं कोणी हसून पुढे गेलं असतं. काकू रोज सकाळी पिशवी पुढे करून गंभीरपणे म्हणतात, "एक दोनशे पानी द्या." दूधवालाही पुण्याचाच. तो अर्धा लिटर दूध पिशवीत टाकत विचारतो, "रेघांची की कोरी?" पाटी तशीच आहे. दूध चांगलं आहे, म्हणून काकूही तिथेच आहेत.

मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. मला इंग्रजी शिकवायचं काकूंनीच ठरवलं, मला विचारलंसुद्धा नाही. त्यांची रीत जगावेगळी. सारखे दिसणारे शब्द म्हणजे त्यांच्या लेखी जुळ्या बहिणी. "दोघींची ओळख एकदम करून दिली की जन्माचा घोळ होतो," त्या म्हणतात. "एक आधी घरची होऊ दे. मग दुसरी आपोआप परकी दिसते." त्यामुळे एक शब्द आला की महिनाभर मुक्कामाला. मी तो साबणाच्या वेष्टनावर, रिक्षाच्या पाठीवर, दुकानांच्या पाट्यांवर शोधायचा. तेवढ्यात त्याची जुळी कुठे छापलेली दिसली, तर काकू तिच्यावर अंगठा ठेवतात. "हिची वेळ नाही आली अजून." एकदा अशी जुळी बसस्टॉपवरच्या भल्यामोठ्या जाहिरातीवर भेटली. तिथे अंगठा कसा पुरणार? काकूंनी छत्री उघडून माझ्यापुढे धरली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. बस येईपर्यंत मी छत्रीआड लाजून उभी.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हिंजवडीहून त्यांचा मुलगा आला, तो त्यांची बॅग भरायलाच. "आई, दिवसातून चारदा डोळ्यात थेंब घालायचेत. दुसऱ्या डोळ्यानेही तुला धड दिसत नाही. इथे बाटल्या कोण वाचणार?"

काकूंना हिंजवडीला जायचं नव्हतं. तिथे बाराव्या मजल्यावर भांडायला दूधवाला नाही. त्या पलंगावरून माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "सुमन वाचेल."

मुलगा चांगला आहे, पण त्याला खात्री हवी होती. त्याने औषधांच्या डब्यातून सारख्याच उंचीच्या दोन पांढऱ्या बाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "ताई, यातली डोळ्याची कुठली?"

डोळ्याचा शब्द माझ्याकडे महिनाभर राहून गेला होता. पण दुसऱ्या बाटलीवरचा, तसाच सुरू होणारा, तसाच तीन अक्षरी शब्द मी कधी पाहिलाच नव्हता. काकू पलंगावर बसलेल्या. एका डोळ्यावर पट्टी, दोन्ही हात मांडीवर घट्ट.

मी एक बाटली उचलली. "ही डोळ्याची."

"आणि ती?"

"ती कोण, मला ठाऊक नाही. काकूंनी ओळख करून दिलेली नाही. पण ती डोळ्याची नव्हे."

त्याच्यासमोर एवढं मी पहिल्यांदाच बोलले. त्याने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "ती कानाची आहे," म्हणाला आणि बॅगेतल्या साड्या परत कपाटात ठेवू लागला.

"तुला कोणी सांगायला सांगितलं?" काकू कुरकुरल्या. "कान पुढच्या महिन्यात होता."

आता डोळा बरा आहे, थेंब कधीच बंद झाले. तरी चारच्या चहाला मी खाली जाते. काकू हल्ली थोड्या हळू बोलतात, जिन्यात टेकतात. शब्दही आता दोन-दोन महिने मुक्काम करतात. परवा मीच म्हटलं, "हा झाला की घरचा. आता जुळी दाखवा ना."

त्यांनी कागदावर अंगठा ठेवला. "घाई आहे का गं तुला?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नाही. अजून किती जुळ्या राहिल्यात, ते मी विचारत नाही.